अठरा फुटांची शिडी

एक

कालवा पोलीस ठाण्याची चोरीच्या तक्रारींची वही तपासणीसाठी मुख्यालयात आली. तपासनिसाने ती उचलली, तसा त्याचा हात अंदाजापेक्षा जरा जास्तच वर गेला. दोनशे पानी वहीचं वजन त्याच्या हाताला पाठ होतं. ही वही त्या मानाने फारच हलकी होती. त्याने ती उघडली, पानांवरचे छापील क्रमांक पाहिले आणि खुर्ची मागे सारून तो तडक प्रमुखांच्या दालनात गेला.

वहीतली शहाऐंशी पानं कुणीतरी काढून घेतली होती.

अर्ध्या तासाने प्रमुखांनी मोजणीबाईंना बोलावलं. हे काही त्यांचं नाव नव्हतं, पण सव्वीस वर्षं विभागातल्या अकरा ठाण्यांची आकडेवारी जुळवता जुळवता ते त्यांना चिकटलं होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. आपल्या हाताखालून गेलेला आकडा कधी कुणाला बदलावा लागला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

"एका पानावर एक तक्रार," प्रमुख म्हणाले. "वर्षभरात कालवा ठाण्याने महिन्याच्या तक्त्यांतून आपल्याला एकशे एकोणचाळीस चोऱ्या कळवल्या. वहीत लिहिलेली पानं उरलीत त्रेपन्न. तपासनीस म्हणतो, बाकीच्या शहाऐंशी चोऱ्या कधी झाल्याच नाहीत. तिथल्या हवालदारबाईंनी तक्ते फुगवले आणि तपासणी येतेय कळल्यावर खोटी पानं नाहीशी केली."

"आपल्याकडे चोऱ्या वाढल्या असं कोण मुद्दाम सांगेल, साहेब?"

"ज्याला माणसं वाढवून हवीत तो. त्या ठाण्याने चार शिपाई जादा मागितलेत." प्रमुखांनी चष्मा काढला. "वार्षिक अहवाल शुक्रवारी छापायला जायचाय. त्याच दिवशी बाजार ठाण्याचा सत्कार. त्यांच्या चोऱ्या एकशे बावन्नवरून अठ्ठावन्नवर आल्या. आणि त्याच दिवशी हवालदारबाईंच्या निलंबनावर मला सही करायचीय. आज सोमवार. तुमचं काय म्हणणं आहे?"

"आधी वही बघते."

आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी वही उजेडात धरली. शिवलेल्या वहीतलं एक पान कापलं की त्याचं जोडपान सुटं होतं. इथे तशी कितीतरी पानं सुटी व्हायला हवी होती. पण एकही पान हलत नव्हतं. मोजणीबाईंनी शिवणीवरून नख फिरवलं आणि त्या थबकल्या.

ज्याने शहाऐंशी पानं कापून नेली होती, त्याने मागे राहिलेलं प्रत्येक जोडपान डिंकाने पुन्हा नीट चिकटवलं होतं.

दोन

कालवा ठाणं म्हणजे चार खोल्या, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यात तक्रारीचं टेबल. इतर ठाण्यांत हे टेबल आत असतं. तिथवर पोचायला माणसाला दोन दारं आणि चार नजरा ओलांडाव्या लागतात. इथे ते रस्त्यावरूनच दिसत होतं. टेबलापुढे पाठ असलेल्या तीन खुर्च्या होत्या.

हवालदारबाई चाळिशीच्या, अंगाने शिडशिडीत. मोजणीबाईंना पाहून त्या उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

"मी एकही तक्रार मनाने लिहिलेली नाही, ताई."

"मग पानं कुठायत?"

"माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी मी वही कपाटात ठेवली तेव्हा भरलेली होती. आज सकाळी साहेबांनी ती कागदात गुंडाळून मुख्यालयाच्या गाडीत दिली. मी उघडून पाहिली नाही, हीच माझी चूक."

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी बाजार ठाण्याचे साहेब आले होते. आमचे साहेब फोनवर होते, तेव्हा ते आतल्या खोलीत एकटेच तासभर बसले होते. कपाट तेव्हा उघडंच होतं. आरोप करत नाही मी. झालं ते सांगतेय."

"एवढ्या तक्रारी एका वर्षात वाढल्या कशा?"

हवालदारबाईंनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. "मी लिहून घेते म्हणून. आधी इथे सायकल गेली तर लोकांना सांगायचे, शोधा, सापडेल. मी प्रत्येकाचं लिहून घेते आणि नंबराची चिठ्ठी हातात देते. काही सापडलं तर निरोप धाडते. यंदा एकतीस जणांच्या वस्तू परत दिल्या."

"कुणाकुणाच्या तक्रारी होत्या? एखादी आठवते?"

"सगळ्या आठवतात," त्या म्हणाल्या. एवढ्यात आतल्या दारात ठाणेदार येऊन उभे राहिले आणि हवालदारबाईंचं बोलणं आखडलं. "नंबर चौऱ्याहत्तर. एक रंगारी. अठरा फुटांची शिडी. त्याला विचारा, ताई. मी यापुढे काही बोलणार नाही."

मोजणीबाईंनी वहीत पाहिलं. त्र्याहत्तर होतं, पंचाहत्तर होतं. चौऱ्याहत्तर नव्हतं.

तीन

ठाणेदार निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, संथ बोलणारे गृहस्थ. त्यांच्या खोलीतलं सामान जुनं होतं, पण पडीक नव्हतं. फळीवरच्या वीस-वीस वर्षांच्या वह्यांना कापडी पाठी लावलेल्या, लेबलं सरळ चिकटवलेली.

"हवालदारबाईंचा दोष नाही," ते बसायच्या आधीच म्हणाले. "तक्त्यांवर सही माझी आहे. बेरीज चुकली असेल तर माझी चुकली. तसं लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा."

"शहाऐंशीची चूक बेरजेत होत नाही, साहेब. आणि पानं बेरजेने जात नाहीत."

खोदून खोदून विचारलं तरी एकच पालुपद: जबाबदारी माझी.

तिथून मोजणीबाई पूल ओलांडून बाजार ठाण्यात गेल्या. मधे फक्त कालवा. चालत दहा मिनिटं. तिथले साहेब कायम घडी न मोडलेल्या कपड्यांत असत, म्हणून सारा विभाग त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचा.

"गेलो होतो शनिवारी. शेजारधर्म," ते हसून म्हणाले. "कपाटाला हातही लावला नाही. मला काय करायच्यात त्यांच्या वह्या? माझ्याकडे चोऱ्याच उरल्या नाहीत, बाई. गस्त वाढवली, वचक बसवला. तुम्हीच तर आकडे जुळवलेत."

आकडे खरंच त्यांनीच जुळवले होते, आणि नेमकं तेच आता त्यांना टोचत होतं.

परतताना त्या पुलावर थांबल्या आणि पर्समधून कागद काढून बेरजा मांडल्या. कालवा ठाण्याच्या चोऱ्या गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस, यंदा एकशे एकोणचाळीस. वाढ एक्क्याण्णव. बाजार ठाण्याची घट चौऱ्याण्णव. मधे दहा मिनिटांची वाट, एका बाजूला जेवढं कमी जवळजवळ तेवढंच दुसऱ्या बाजूला जास्त.

चोर पूल ओलांडून गेले होते, की आणखी कुणी?

चार

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. मोजणीबाईंनी हात धुतले आणि त्यांच्यासमोर बसकण मारली. ऑफिसातलं कोडं घरी आणायची त्यांना खोड होती, आणि सासूबाईंना ऐकायची.

"आई, तुमच्या उमेदीत घरातलं कधी काही चोरीला गेलं?"

"गेलं की. शिवणयंत्र. तुझा नवरा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यावर मी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवायचे."

"मला कधी बोलला नाहीत. पोलिसांत दिलंत?"

"पोलिसांत?" सासूबाईंनी देठ मोडला. "शिवणयंत्रासाठी कोण दारात उभं करणार होतं? मोटारसायकल असती तर तुझे सासरे गेले असते. त्याला पोलिसांचा कागद लागतोच."

मोजणीबाईंचा हात भाजीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी त्या दारात हजर होत्या. दोन्ही ठाण्यांचे वर्षभराचे तक्ते काढून त्यांनी एकच रकाना तपासला: मोटारसायकली. विम्यासाठी, वाहनाच्या नोंदीसाठी ही तक्रार प्रत्येकाला द्यावीच लागते, आणि ठाण्याला ती घ्यावीच लागते. कालवा ठाणं: गेल्या वर्षी नऊ, यंदा आठ. बाजार ठाणं: गेल्या वर्षी बावीस, यंदा तेवीस.

चोर कुठेही गेले नव्हते. बाजारात त्यांना वचक बसला असता तर मोटारसायकली आधी वाचल्या असत्या. जिथे लपवता येत नाही तिथला आकडा जागचा हलला नव्हता. जिथे माणूस गप्प बसू शकतो, किंवा त्याला गप्प बसवता येतं, तेवढेच रकाने इकडचे तिकडे झाले होते.

बुधवारी त्यांना तो रंगारी सापडला. एका दुकानाची पाटी रंगवत तो दोन पिंपांवर फळी टाकून उभा होता.

"शिडी नाही ना," तो खाली उतरत म्हणाला. "चोरली. अठरा फुटांची, सागवानी. माझ्या वडिलांनी केलेली." त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून घडी घातलेली चिठ्ठी. नंबर चौऱ्याहत्तर, हवालदारबाईंचं अक्षर.

"राहता कुठे तुम्ही?"

"हे काय, इथेच. बाजाराच्या मागे."

"मग तक्रार पुलापलीकडे का दिलीत?"

रंगाऱ्याने पाकिटातून दुसरा कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

पाच

तो बाजार ठाण्याचा छापील दाखला होता. वस्तू: शिडी. प्रकार: गहाळ.

"मी म्हटलं, साहेब, हरवली नाही, चोरली," रंगारी सांगत होता. "ते म्हणाले, चोरताना पाहिलंस का? नाही ना? मग हरवली. सही कर. मी काय करणार? मग कुणीतरी म्हणालं, पुलापलीकडे एक बाई बसतात, त्या ऐकून घेतात. गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, शिडीला काही खूण आहे का. बाई, त्यांनी खूण विचारली तेव्हा मला वाटलं, शिडी मिळो न मिळो, आपलं म्हणणं पोचलं."

मुख्यालयात एक कपाट होतं जे कुणी उघडत नसे. त्यात सगळ्या ठाण्यांच्या गहाळ वस्तूंचे तक्ते यायचे. हरवणं हा गुन्हा नाही, म्हणून ते कुणी मोजतही नसे. मोजणीबाईंनीही सव्वीस वर्षांत ते मोजले नव्हते. हे स्वतःशी कबूल करताना त्यांना जड गेलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मोजायला घेतलं.

बाजार ठाणं: गेल्या वर्षी गहाळ वस्तू एक्केचाळीस. पाकिटं, छत्र्या, ओळखपत्रं, चाव्या. यंदा एकशे सदतीस. पाकिटं आणि छत्र्या होत्याच. त्यांच्या खाली: पाण्याचे पंप, सात. सायकली, चौतीस. शिवणयंत्रं, पाच. तांब्याच्या तारेची गुंडाळी. पत्र्याचं दार, बिजागऱ्यांसकट. आणि अठरा फुटांची शिडी.

दार हरवलेल्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आणून मोजणीबाईंना हसू फुटलं आणि लगेच त्यांना संतापही आला.

बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारची सकाळ त्या तक्त्यांतल्या पत्त्यांवर दारोदार फिरल्या. संध्याकाळच्या आत चाळीस चिठ्ठ्या जमल्या. त्यातला प्रत्येक नंबर वहीतून गेलेल्या पानाचा होता, आणि प्रत्येक माणूस पुलापलीकडचा होता. शहाऐंशी तक्रारी खऱ्या होत्या. हवालदारबाईंनी काहीही बनवलं नव्हतं.

पण मग पानं कुणी काढली? इस्त्रीसाहेबांना कारण होतं, तासभर वेळही होता. मोजणीबाईंनी वही पुन्हा उजेडात धरली. इतकी पानं एकेक निवडून पट्टी लावून कापायची, जोडपानं चिकटवायची, वजनाखाली वाळवायची. हे तासाभराचं काम नव्हे, आख्ख्या रविवारचं होतं. आणि ज्याला पुरावा नष्ट करायचाय तो वहीची शिवण कशाला सांभाळील?

वहीवर जीव असलेल्या माणसाचं हे काम होतं. त्यांना फळीवरच्या त्या कापडी पाठी आठवल्या.

सहा

"तुम्ही काढलीत," मोजणीबाई म्हणाल्या.

ठाणेदारांनी नाकारलं नाही. त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा उघडला आणि दोऱ्याने बांधलेला गठ्ठा समोर ठेवला. शहाऐंशी पानं, क्रमाने लावलेली.

"नष्ट नाही केलीत?"

"एकेक माणूस उन्हातून पूल ओलांडून आलाय हे सांगायला. ते फाडून टाकायचा मला काय अधिकार?"

"मग काढलीत तरी का?"

"हद्दीबाहेरची तक्रार घेऊ नये, असा जुना आदेश आहे. मीच हवालदारबाईंना म्हणालो होतो, घ्या. घ्या, पण हद्दीचा विषय कुठे काढू नका. दर तक्रारीची प्रत मी बाजार ठाण्याला पाठवली. उत्तर एकाचंही नाही. कुठेतरी मोजली जायला हवी, म्हणून इथे मोजली." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "शनिवारी तिथले साहेब आले आणि म्हणाले, तपासणीत पत्ते बघायला लावतो, प्रत्येक पानावर तुझ्या हवालदारणीचं अक्षर आहे, ती घरी जाईल. मला वाटलं, पानं नसली तर तक्ते तेवढे उरतील, आणि त्यावर सही माझी आहे. ठपका माझ्यावर येईल. उलटंच झालं. त्या रविवारी मी वही नीट चिकटवत बसलो, आणि इकडे त्यांच्या नोकरीची शिवण उसवत होतो."

दारात हालचाल झाली. हवालदारबाई कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"साहेब, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणाले असतेच. मी लिहिलेलं पान मी लपवणार नाही," हवालदारबाई म्हणाल्या. "तुमचं नाव येऊ नये म्हणून मी तीन दिवस तोंड शिवून बसलेय, आणि तुम्ही माझ्यासाठी वही कापलीत. दोघांनी मिळून शहाऐंशी माणसांना खोटं पाडलं."

ठाणेदारांनी कागद ओढला आणि कबुलीजबाब स्वतःच्या हाताने लिहायला घेतला.

सात

शुक्रवारी सकाळी प्रमुखांच्या दालनात पाच जण होते. मोजणीबाईंनी तक्ते मांडले आणि न अडखळता सगळं सांगितलं: मोटारसायकली, दाखले, चिठ्ठ्या, गठ्ठा. शहाऐंशी चोऱ्या जिथे झाल्या तिथे परत नेल्या, आणि गहाळच्या यादीत अडकलेल्या उरलेल्या दहा त्यात मिळवल्या, की बाजार ठाण्याचा खरा आकडा एकशे चोपन्न होत होता. कालवा ठाण्याचा त्रेपन्न. दोन्हीकडे जवळपास गेल्या वर्षीइतकाच.

इस्त्रीसाहेबांनी बाही सारखी केली. "लोकच गहाळ म्हणून सही करतात, सर. मी काय जबरदस्ती करतो?"

प्रमुखांनी रंगाऱ्याचा दाखला त्यांच्यापुढे सरकवला. "अठरा फुटांची शिडी हरवते कशी, तेवढं मला समजावून सांगा. सावकाश सांगा. आज दुसरं काम नाही मला."

इस्त्रीसाहेबांनी दाखला उलटून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असेल. मागचा भाग कोरा होता.

सत्कार रद्द झाला आणि बाजार ठाण्याची चौकशी लागली. ठाणेदारांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला. तो प्रमुखांनी वाचून दाखवला आणि ठाणेदारांनी उभं राहून ऐकून घेतला. तोंडावर खंत होती, पण मान खाली नव्हती. हवालदारबाईंच्या निलंबनाचा कागद प्रमुखांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला.

मग ते मोजणीबाईंकडे वळले. "आणि तुमच्याबद्दल काय लिहू?"

"माझ्याबद्दल असं लिहा, की सव्वीस वर्षं मी एक कपाट उघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि अहवालात एक रकाना वाढवा. गहाळ. यापुढे तोही मीच मोजणार."

आठ

पुढच्या वर्षभरात बरंच बदललं. हद्दीचा जुना आदेश मागे घेतला गेला. कुठलीही तक्रार कुठल्याही ठाण्यात लिहून घेऊन योग्य जागी पोचवायची, असा नवा निघाला. हवालदारबाई एकेका ठाण्यात आठवडा-आठवडा बसल्या आणि तिथल्या लोकांना टेबल व्हरांड्यात कसं आणायचं, माणसाला काय विचारायचं, चिठ्ठी कशी द्यायची, ते शिकवून आल्या. बाजार ठाण्यात नवे साहेब आले होते. तिथे पहिल्याच सकाळी रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली, आणि हवालदारबाईंनी दुपारचा डबा उघडला तेव्हा चार वाजून गेले होते.

वर्ष संपल्यावर प्रमुखांनी वार्ताहरांना बोलावलं. आदल्या वर्षी अकरा ठाण्यांत मिळून नोंदल्या गेलेल्या चोऱ्या बाराशे दहा होत्या. यंदा सतराशे अठ्ठेचाळीस. आदल्या दिवशी एक-दोघांनी प्रमुखांना सुचवून पाहिलं होतं, की आकडा दोन भागांत सांगू, एवढा अंगावर येणार नाही. त्यांनी ऐकलं नाही. सरळ उभं राहून, कागदाकडे न पाहता त्यांनी तो एका दमात सांगितला.

पुढच्या रांगेतली एक तरुण वार्ताहर उठली. "म्हणजे एका वर्षात चोऱ्या पाचशेहून जास्त वाढल्या. हे पोलिसांचं अपयश नाही का?"

प्रमुखांनी बाजूला बसलेल्या मोजणीबाईंना खूण केली. त्या अशा बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि उभ्या राहिल्या.

"चोऱ्या नेमक्या किती झाल्या हे कुणालाच मोजता येत नाही. आम्हाला किती सांगितल्या गेल्या, एवढंच या आकड्यात असतं. आदल्या वर्षी पाचशे अडतीस माणसं घरात गप्प बसली होती, किंवा आम्ही त्यांना गप्प बसवलं होतं. या वर्षी ती आमच्या दारात आली आणि खुर्चीवर बसून बोलली. गेल्या वर्षी आम्ही दोनशेसहा वस्तू परत केल्या होत्या, यंदा चारशे नव्वद. तोही आकडा मीच मोजलाय."

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या हवालदारबाई समोर पाहत होत्या. त्यांच्या शेजारी ठाणेदार होते. त्यांनी खांदे मागे घेतले.

वार्ताहर लिहायची थांबली. "मग हा सतराशे अठ्ठेचाळीसचा आकडा असाच छापू?"

"असाच छापा," मोजणीबाई म्हणाल्या. "जमलं तर जरा मोठ्या अक्षरात."